२० हजार लिटर दूध, ८ टन बर्फ

३४, ४ आणि ३. दुधाच्या शीतकरण केंद्राचं सगळं गणित या तीन आकड्यांभोवती फिरतं. गावोगावच्या संस्थांतून कॅन भरून टेम्पो केंद्रावर येतो तेव्हा दूध साधारण ३४ अंशांवर असतं. ते ४ अंशांवर न्यायचं. हाताशी असतात ३ तास, कारण सकाळचं संकलन साडेसहाला सुरू होऊन साडेनऊला उरकतं आणि संध्याकाळचं सहा ते नऊ. २४ तासांतले ६ तास नुसती धावपळ. उरलेले १८ तास डॉकवर उलथे घातलेले कॅन निथळत असतात.

घाई का, तेही आकड्यातच सांगता येतं. कोमट दुधात जिवाणूंची संख्या दर अर्ध्या तासाला दुप्पट होते असं धरा. चार तासांत आठ दुपटी, म्हणजे एकाचे २५६. ४ अंशांवर ही वाढ अगदी मंदावते. त्यामुळे दूध आलं की गार झालंच पाहिजे, तिथे थोडं थांबा म्हणायची सोय नाही.

आता एक केंद्र डोळ्यांसमोर आणू. आकडे मी सोयीसाठी गोल केले आहेत, पण कोल्हापूर-सांगलीकडच्या मध्यम केंद्रावर जाऊन ताडून पाहिले तर फार चुकणार नाहीत. सकाळी २०,००० लिटर, संध्याकाळी २०,००० लिटर. लिटरभर दूध १.०३ किलो भरतं, म्हणजे एका पाळीचं २०,६०० किलो. एक किलो दूध एका अंशाने गार करायला ०.९३ किलोकॅलरी उष्णता काढावी लागते, आणि उतरायचे आहेत ३० अंश. गुणाकार येतो ५ लाख ७५ हजार किलोकॅलरी.

रेफ्रिजरेशनच्या धंद्यात किलोकॅलरीची भाषा कुणी बोलत नाही. तिथे 'टन' चालतो. एक टन रेफ्रिजरेशन, म्हणजे टीआर, म्हणजे तासाला ३,०२४ किलोकॅलरी. हा टन बर्फाचाच आहे. एक अमेरिकन टन, म्हणजे ९०७ किलो बर्फ, २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता ओढून घेतो तेवढं काम करणारं मशीन एक टनाचं. घरात दीड टनाचा एसी बसवणारा माणूस रोज दीड टन बर्फ वितळवायच्या ताकदीचे पैसे मोजत असतो, त्याला ते माहीत नसतं एवढंच. मशीन येण्याआधी गारवा खरोखरच जहाजातून, टनाच्या हिशोबाने यायचा. १८३३ मध्ये फ्रेडरिक ट्यूडरचं 'टस्कनी' जहाज बॉस्टनहून १८० टन बर्फ घेऊन निघालं आणि चार महिन्यांनी कलकत्त्याला लागलं तेव्हा त्यातला १०० टनांच्या आसपास शिल्लक होता. पुढे मुंबईलाही अमेरिकेचा बर्फ येऊ लागला. लाकडाच्या भुशात दडवलेला, विषुववृत्त दोनदा ओलांडून आलेला.

तर ५ लाख ७५ हजार भागिले ३,०२४, उत्तर १९० टीआर-तास. पंपाची उष्णता, पाइपलाइनवरून आत शिरणारी उष्णता, टाकीच्या भिंतीतून झिरपणारी, या सगळ्यांचे मिळून १० टक्के वाढवले की २०९. दोन पाळ्यांचे दिवसाला ४१८.

हे ४१८ टीआर-तास दोन तऱ्हांनी उभे करता येतात. पहिली तऱ्हा सरळ आहे. दूध आलं की कॉम्प्रेसर सुरू, गेलं की बंद. २०९ टीआर-तास ३ तासांत हवेत, म्हणजे ७० टीआरचं मशीन घ्या. ते दिवसाचे ६ तास पळेल आणि १८ तास झोपेल. दुसरी तऱ्हा अशी की मशीन छोटं घ्यायचं, २० तास चालवायचं, आणि दूध नसताना तयार होणारा गारवा कुठेतरी साठवून ठेवायचा. ४१८ भागिले २०, म्हणजे २१ टीआर. पहिल्याच्या तिसऱ्या हिश्श्याचं मशीन.

साठवायचा कशात? गार पाण्यात साठवता येतो. १ अंशाचं पाणी ६ अंशांवर जाईपर्यंत वापरायचं म्हटलं तर किलोमागे ५ किलोकॅलरी मिळतात. आपल्या केंद्राला एका वेळी जास्तीत जास्त २१० टीआर-तासांचा साठा लागतो. त्यासाठी १ लाख २७ हजार लिटर पाणी हवं. दहा हजार लिटरचे बारा-तेरा टँकर रांगेत उभे करा, तेवढं. बर्फाचं तसं नाही. शून्य अंशाचा बर्फ शून्य अंशाचंच पाणी होताना किलोमागे ८० किलोकॅलरी गिळतो. एका टीआर-तासाला ३७.८ किलो बर्फ पुरतो, २१० ला ८ टन. आणि हा ८ टन बर्फ, त्याच्याभोवती खेळणारं पाणी, पाइप, सगळं धरून २०-२२ घनमीटरच्या टाकीत बसतो. उलटं मोजलं तर एक किलो दूध गार करायला ३५० ग्रॅम बर्फ लागतो. एक बऱ्यापैकी मोठी वाटी.

ही टाकी केंद्राच्या मागच्या अंगाला, कॉम्प्रेसर रूमला लागून असते. कागदोपत्री 'आइस बँक टँक', बोलण्यात आयबीटी. वरचं झाकण उचललं की थंड वाफ तोंडावर येते आणि नजर स्थिरावल्यावर खाली पाण्यात पाइपांच्या आडव्या रांगा दिसतात. पाइपात अमोनिया उकळत असतो, उणे ८ ते उणे १० अंशांना. पाइपाबाहेरचं पाणी त्याला चिकटून गोठतं आणि प्रत्येक पाइपावर बर्फाची जाडजूड नळी तयार होते. टाकीच्या एका टोकाला अजिटेटर, म्हणजे पाणी ढवळणारा पंखा, घरघरत असतो. हे ढवळलेलं १ अंशाचं पाणी पंपाने प्लेटकडे जातं. प्लेट म्हणजे प्लेट हीट एक्स्चेंजर; पातळ स्टेनलेस पत्र्यांची चळत, एका फटीत दूध, शेजारच्या फटीत पाणी. दुधाच्या तिप्पट पाणी फिरवलं तर ते १ अंशाने आत जातं, १० च्या आसपास बाहेर येतं आणि टाकीत परतून बर्फावर आपली ऊब सोडतं. दुधाचा अमोनियाशी संबंध येत नाही, मधे पाणी असतं. बर्फ, पाणी, दूध असा तिघांचा व्यवहार, म्हणून 'बँक' हे नाव फारच चपखल आहे. भरणा सावकाश, उचल एकदम.

इथवर सगळं गोड आहे. आता कडू आकडा.

गेली कित्येक वर्षं मी दूध संघांची ऊर्जा तपासणी करत फिरतो आणि जवळपास प्रत्येक ठिकाणी कुणीतरी मला सांगतं, आमच्याकडे बर्फ आहे, त्यामुळे वीज वाचते. वाचत नाही. जास्त जळते. पाणी नुसतं १-२ अंशांपर्यंत गार करायचं तर अमोनिया उणे २ अंशांना उकळला तरी भागतं. बर्फ धरायचा तर त्याला उणे १० पर्यंत खाली ओढावं लागतं. रेफ्रिजरेशनमधला ठोकताळा असा की उकळण्याचं तापमान १ अंशाने खाली गेलं की वीज सुमारे ३ टक्क्यांनी वाढते. ८ अंशांचे २४ टक्के. सरळ पद्धतीत टीआरमागे ०.९ किलोवॉट लागत असतील तर बर्फाला १.१ धरा.

मग केंद्राचं रोजचं बिल असं होतं. सरळ पद्धत : ४१८ गुणिले ०.९, ३७६ युनिट. बर्फ : ४१८ गुणिले १.१, ४६० युनिट. रोज ८४ युनिट जादा. महिन्याला २,५०० आणि ८ रुपयांच्या दराने २० हजार रुपये. ही बर्फाची किंमत आहे आणि ती दर महिन्याला मोजावीच लागते.

मग लोक वेडे आहेत का? नाही. कारण बिलात युनिट हा एकच रकाना नसतो. खाली डिमांडचा रकाना असतो आणि उच्चदाब ग्राहकाला तो केव्हीएमागे महिन्याला पाचशे-सहाशे रुपयांच्या घरात पडतो. ७० टीआरचं मशीन ६३ किलोवॉट ओढतं, २१ टीआरचं २३. फरक ४० किलोवॉट, पॉवर फॅक्टर ०.९५ धरला तर ४२ केव्हीए, आणि ५५० रुपयांनी २३ हजार. वरचे २० हजार गेले, हे २३ हजार आले. उरले ३ हजार. एवढ्यासाठी टाकी, किलोमीटरभर पाइप आणि अजिटेटर घेऊन बसणारा माणूस मला तरी हिशेबी वाटणार नाही.

तिसरा रकाना घड्याळाचा. महाराष्ट्रात उच्चदाब उद्योगांना अनेक वर्षं जे वेळापत्रक होतं त्यात रात्री १० ते सकाळी ६ युनिटमागे दीड रुपया सूट, सकाळी ९ ते १२ ८० पैसे जादा आणि संध्याकाळी ६ ते रात्री १० एक रुपया दहा पैसे जादा. आता दुधाची संध्याकाळची पाळी आठवा. सहा ते नऊ. महागड्या तासांत बरोबर मधोमध. सरळ पद्धतीचं मशीन नेमकं तेव्हाच धावणार : ३ तास, १८९ युनिट, रोज २०८ रुपये जादा. सकाळचा ९ ते साडेनऊचा अर्धा तास मिळवला की महिन्याचे ७ हजार. बर्फवाल्याला दिवसातले ४ तास मशीन बंद ठेवायचंच आहे, तो नेमके ६ ते १० हे ४ तास बंद ठेवतो आणि संध्याकाळचं सगळं दूध साठवलेल्या बर्फावर काढतो. रात्रीच्या ८ तासांत त्याचे १८४ युनिट सवलतीत, महिन्याला ८,३०० रुपये कमी. सकाळी ९ ते १२ चे १,६५० जादा. निव्वळ ६,६०० चा फायदा. दोघांतला फरक साडेतेरा हजारांच्या वर. आधीचे ३ हजार धरून महिन्याला साडेसोळा हजार, वर्षाला २ लाखांच्या आसपास. मशीन तिसऱ्या हिश्श्याचं, ट्रान्सफॉर्मर लहान, केबल बारीक, हे वेगळंच.

आणि एक गोष्ट बिलात कुठेच दिसत नाही. मे महिन्यात वळिवाचा पाऊस आला, तार तुटली, वीज गेली आणि डॉकवर कॅनांची रांग लागली आहे, अशा वेळी सरळ पद्धतीच्या केंद्राला ६३ किलोवॉटचा कॉम्प्रेसर जनरेटरवर उचलावा लागतो. त्या जनरेटरला डिझेल पाजता पाजता मॅनेजरचा जीव जातो. बर्फाच्या केंद्राला फक्त पाण्याचा पंप आणि अजिटेटर फिरवायचा असतो, ५ आणि २ एचपी, आणि दुधाचे लहान पंप. खेडोपाडी वीज बेभरवशाची होती त्या काळात आयबीटी रुजली ती या कारणाने. स्वस्त रात्रीच्या युनिटांचा हिशोब नंतर आला. जुने ऑपरेटर अजून बोलतात तसंच : "बर्फ हाय तवर काळजी न्हाई."

यातून एक गोष्ट निघते आणि ती मला नेहमी वाद घालून सांगावी लागते. बर्फ शोभतो तो उसळत्या मागणीला. जी मोठी डेअरी पिशव्या भरते, तूप काढते, पावडर करते, जिथे गार पाणी २०-२२ तास एकसारखं लागतं, तिथे कायमचा भार आयबीटीवर टाकणं म्हणजे रोज २४ टक्के दंड भरणं. तिथे बर्फ न धरता १ अंशाच्या जवळचं पाणी देणारा फॉलिंग फिल्म चिलर बसवावा, आणि फक्त उसळीपुरता बर्फ ठेवावा. फॉलिंग फिल्ममध्ये पाणी उभ्या पत्र्यांवरून पातळ पडद्यासारखं ओघळतं, आत अमोनिया असतो, आणि गोठायच्या जरा आधी पाणी खाली पडून जातं. दोन्ही यंत्रं एका केंद्रात सुखाने नांदतात. पण 'आपल्याकडे आयबीटी आहे की' या एका वाक्याने कित्येक प्रस्ताव कपाटात गेले आहेत.

आता पाइपावरच्या बर्फाकडे जरा जवळून पाहू, कारण बँक बुडते ती तिथे.

पाइप सव्वा इंची घ्या, बाहेरून ४२ मिमी. त्यावर ४० मिमी जाडीचा बर्फ धरला तर मीटरभर पाइपावर साडेनऊ किलो बर्फ बसतो. ८ टनांना ८४० मीटर पाइप लागेल. थोडा हात राखून १० टनांची टाकी बांधली तर हजार मीटरच्या वर. एका टाकीत किलोमीटरभर पाइप वेटोळी घालून पडलेला असतो.

बर्फ तयार होतो पाइपाच्या अंगाला, आणि पुढचा थर गोठवायचा तर त्याची उष्णता आधीच्या थरातून आत यावी लागते. बर्फ धातूसारखा उष्णता वाहून नेत नाही. पोलाद त्याच्या वीसएकपट बरं. म्हणजे जसजसा साठा वाढतो तसतसा तो स्वतःलाच गोधडी पांघरत जातो. १० मिमी जाडीला जेवढ्या तापमानफरकाने उष्णता आत येते, तेवढीच उष्णता ४० मिमीला आणायची तर पावणेतीनपट फरक लागतो. ६० मिमीला साडेतीनपट. फरक वाढवायचा म्हणजे अमोनिया आणखी खाली ओढायचा, आणि दर अंशाला ते ३ टक्के आहेतच. शेवटचा टन बर्फ पहिल्या टनापेक्षा बराच महाग पडतो. म्हणून टाकीत जाडी मोजणारा सेन्सर असतो. बर्फ ठरलेल्या जाडीला पोचला की तो कॉम्प्रेसर बंद करतो. पुढे गेलं तर महागाईपेक्षा वाईट गोष्ट होते. शेजारशेजारच्या नळ्या एकमेकींना भिडतात, मधल्या फटी बुजतात आणि टाकीत एकसंध शिळा तयार होते.

ही शिळा मी एकदा पाहिली आहे, आणि तिच्यात माझाही हात होता.

उन्हाळ्यातली सकाळ. एका केंद्राच्या मॅनेजरचा फोन आला, प्लेटमधून दूध ९ अंशांनी बाहेर पडतंय, लवकर या. पोचलो तेव्हा ऑपरेटर टाकीच्या कडेवर बसला होता. म्हणाला, "सायेब, बर्फ डोंगराएवढा हाय, पर पाणी गार येईना." झाकण उचललं. एरवी पाइपांच्या रांगा दिसतात तिथे शहाबादी फरशीसारखा सपाट पांढरा पृष्ठभाग. कडेने आणि वरून वीतभर पाणी वाहत होतं, परतीचं ऊबदार पाणी तसंच फरशीवरून घसरत पंपाकडे जात होतं. ते पाणी हात लावून पाहिलं तर गार वाटतं, थर्मामीटर लावला तर ६ अंश. आत १० टनांहून जास्त बर्फ, आणि त्याला पाण्याचा स्पर्शच नाही. घरात धान्याचं पोतं आहे आणि तोंड शिवलेलं आहे, तसं.

कारण शोधायला फार वेळ लागला नाही. अजिटेटरची मोटर जळून आठवडाभर रिवाइंडिंगला गेली होती. आणि जाडीच्या सेन्सरची वायर काढून दोन टोकं थेट जोडलेली होती. का जोडली विचारल्यावर ऑपरेटर गप्प बसला, मॅनेजर माझ्याकडे पाहू लागला. सहा महिन्यांपूर्वीच्या माझ्या अहवालात ठळक अक्षरात लिहिलं होतं की रात्रीची सवलत पूर्ण वापरा, १० ते ६ मशीन अखंड चालवा. सेन्सर पहाटे ३ ला मशीन बंद करायचा. त्यांनी साहेबांचा अहवाल पाळला. बर्फाची जाडी किती झाली की थांबा, हे मी त्या अहवालात लिहिलंच नव्हतं.

कॉम्प्रेसर १४ तास बंद ठेवून, होजने विहिरीचं पाणी मारून ती शिळा फोडली. संध्याकाळचं दूध टँकरने शेजारच्या केंद्रावर पाठवलं. आता माझ्या प्रत्येक अहवालात जाडीची ओळ सवलतीच्या ओळीच्या आधी असते.

गळतीचा धोकाही याच पाइपांत असतो. हजार मीटर पोलादी पाइप सतत पाण्यात, सतत बर्फाच्या ओझ्याखाली. अमोनियाला पाण्याची भयंकर ओढ. बारीक भोक पडलं तर तो गुपचूप पाण्यात विरघळतो, नाकाला कळतही नाही. पाण्याचा पीएच चढू लागला की संशय घ्यायचा. कॉम्प्रेसर रूममधले सांधे तपासायची जुनी पद्धत वेगळी : गंधकाची काडी पेटवून सांध्याजवळ फिरवायची, गळती असेल तिथे पांढराशुभ्र धूर उठतो.

आता घड्याळाकडे परत. १४ जून २०२३ ला केंद्र सरकारने वीज ग्राहकांच्या हक्कांच्या नियमांत दुरुस्ती केली. १० किलोवॉटच्या वर मागणी असलेल्या व्यापारी आणि औद्योगिक ग्राहकांना १ एप्रिल २०२४ पासून, आणि शेती वगळता बाकीच्यांना १ एप्रिल २०२५ पासून, वेळेनुसार दर. त्यात नवीन शब्द आला, सौर तास. दिवसाचे ८ तास, त्यांत दर नेहमीपेक्षा किमान २० टक्के कमी. गर्दीच्या तासांत उद्योगांना किमान १.२ पट. तासांच्या सीमा राज्याच्या वीज आयोगाने आखायच्या. थोडक्यात, जी वीज रात्री स्वस्त होती ती आता दुपारी स्वस्त करायची. दुपारी सौर पॅनेलांमधून इतकी वीज येते की ती घ्यायला गिऱ्हाईक हवं आहे, आणि सूर्य मावळला की सगळे एकदम मागतात. संध्याकाळच्या दुधासकट.

डेअरीवाले हबकले, आणि त्यातले सगळ्यात जास्त हबकले ते हुशार लोक. कारण जुन्या नियमांत आणखी एक फट होती : डिमांड मोजायची ती सकाळी ६ ते रात्री १० मधली. रात्रीची मोजायचीच नाही. काहींनी याचा पुरता फायदा घेतला. ४१८ टीआर-तास रात्रीच्या ८ तासांतच काढायचे, त्यासाठी ५२ टीआरचं मोठं मशीन आणि जवळजवळ १६ टनांची टाकी. सगळे ४६० युनिट दीड रुपया सवलतीत, महिन्याला २०,७०० रुपये, आणि कॉम्प्रेसरची डिमांड शून्य. त्या वेळी हे गणित बिनतोड होतं.

तेच मशीन आता दुपारच्या ८ तासांत आणून पाहा, सवलत ९ ते ५ धरून. ४६० युनिटांवर, ८ रुपयांचे २० टक्के म्हणजे १.६० रुपयांनी, महिन्याला २२ हजार वाचतात. पण ५७ किलोवॉटची डिमांड आता उजेडात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. २१ टीआरच्या मशीनपेक्षा ३४ किलोवॉट जास्त, ३६ केव्हीए, १९,८०० रुपये. हाती राहतात दोन-सव्वादोन हजार. वर रात्रीची गार हवा कंडेन्सरला फुकट मिळायची ती गेली. दुपारी तेच मशीन जास्त घाम गाळणार.

आणि आपलं २१ टीआरचं, २० तास चालणारं, कुणाच्या नजरेत न भरणारं मशीन? त्याची सुट्टी आधीपासूनच संध्याकाळी ६ ते १०. ती बदलायची गरज नाही. सौर तासांत ते ८ तास चालतच होतं, १८४ युनिट, त्यावर १.६० नी महिन्याला ८,८०० रुपये. रात्रीच्या सवलतीत मिळत होते ८,३००. घड्याळ पुरतं उलटलं आणि या केंद्राच्या टायमरचा काटासुद्धा हलवावा लागला नाही. सरळ पद्धतीवाल्याचा संध्याकाळचा भुर्दंड मात्र महिन्याला ६,२०० वरून ९ हजारांवर गेला. मी स्वतः पूर्वी काही ठिकाणी मोठ्या मशीनची शिफारस केली आहे, तेव्हा हे लिहिताना थोडं अवघडल्यासारखं होतं.

या साठ्याकडे आता शहरांतल्या इमारतींचे आर्किटेक्ट नव्या कौतुकाने पाहतात. न्यूयॉर्कच्या वन ब्रायंट पार्क या मनोऱ्याच्या तळघरात बर्फाच्या ४४ टाक्या आहेत. रात्री बर्फ, दिवसा एसी. त्यांच्याकडे पाइपात ग्लायकॉल फिरतं आणि बर्फ आतून बाहेर वितळतो, आपल्या आयबीटीत बाहेरून आत. एवढा फरक सोडला तर तत्त्व तेच.

आवाका किती मोठा असू शकतो याचा एक अंदाज करून पाहा. २०२३-२४ मध्ये देशात २३९.३ दशलक्ष टन दूध झालं, महाराष्ट्राचा वाटा ६.७१ टक्के, म्हणजे १६ दशलक्ष टन. दिवसाला ४४ हजार टन. हे सगळं दूध केंद्रावर येत नाही. घरात, चहाच्या टपरीवर, गल्लीतल्या रतीबात बरंच जिरतं. पण सगळं आलं असं समजून किलोमागे ३५० ग्रॅमने गुणलं तर रोजचा १५ हजार टन बर्फ होतो. यातला अर्धा जरी प्रत्यक्षात धरला गेला तरी संध्याकाळी ६ ते १० मध्ये विजेच्या जाळ्यावरून केवढं ओझं उतरेल, याचा हिशोब वितरण कंपन्यांनी करून पाहण्यासारखा आहे. कारखान्यात बॅटरी बसवायची चर्चा सगळीकडे चालू असताना गावागावांत आधीच बसलेल्या या टाक्यांकडे कुणी बॅटरी म्हणून पाहत नाही.

शिळा झालेल्या त्या केंद्रावर मागच्या हिवाळ्यात पुन्हा गेलो होतो. सेन्सर नवा, डिजिटल, लाल आकड्यांचा. तरी पहाटे पाचला ऑपरेटर झाकण उचलून खाली वाकला, हातात बांबूची एक पट्टी होती, तिच्यावर ४० मिमीवर ब्लेडने कापलेली खूण. दोन नळ्यांच्या मधल्या फटीत पट्टी घातली, फिरवली, बाहेर काढली, शर्टाला पुसली. मी सेन्सरकडे बोट दाखवलं. तो म्हणाला, "त्यो बी खरंच सांगतोय. पर फट हाय का न्हाई, ते त्येला दिसत न्हाई."